वीस चंदेरी खांब

"एक दिवस ही नऊच्या नऊ झाडं कापून टाकते की नाही, बघच तू!"

ठिणगी एवढ्या जोरात ओरडली की पाळण्यातली दोन बाळं दचकून रडायला लागली.

"काप. पण आधी ही जुडी संपव," मावशी म्हणाली. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"मला आता निघायला हवं! पोरं फाटकात कधीची उभी आहेत!"

"राहू देत उभी. पाय मजबूत होतील त्यांचे."

मावशी पाळणाघरात स्वयंपाक करायची. मोठ्या सुट्टीत ठिणगी तिच्याकडे राहायला यायची. सुट्टी म्हणजे हुंदडणं, अशी तिची साधी समजूत होती. मावशीची समजूत वेगळी होती. पाळणाघराच्या मागच्या अंगणात मावशीनं शेवग्याची नऊ झाडं लावली होती. रोज संध्याकाळी थोड्या फांद्या तोडायच्या, रात्रभर फडक्यात घट्ट गुंडाळून ठेवायच्या. सकाळी फडकं उघडून फांद्या झटकल्या की अर्धी पानं आपोआप गळायची. उरलेली अर्धी बोटांनी ओरबाडायची. बोटं ठिणगीची!

मग पानं धुवायची आणि माडीवरच्या खोलीत चादरीवर पसरायची. खिडक्या उघड्या, पण ऊन आत येता कामा नये.

"उन्हात टाकलीस तर गवत होईल, गवत! वाळून हिरवी राहिली तरच कामाची." मावशी हे रोज सांगायची. वाळलेल्या पानांची पूड व्हायची आणि प्रत्येक बाळाच्या मऊ भातात एक चमचा पडायची.

ठिणगीनं फणकाऱ्यानं शेजारच्या झाडाला टेकून घेतलं, तर पाठीला काहीतरी टोचलं. लाल तार! प्रत्येक झाडाच्या खोडाला मावशीनं पत्र्याची चकती बांधली होती आणि त्यावर त्या वर्षी आलेल्या एका बाळाचं नाव. खोड जाड होत गेलं तशी सालीनं तार गिळून टाकली होती. तीन पीळ तेवढे बाहेर डोकावत होते.

"तुझी झाडं चावतात!"

"तार सैल बांधायला हवी होती. चुकलंच माझं," मावशी म्हणाली.

तेवढ्यात भिंतीवरून एक डोकं वर आलं. डोक्यावर निळा रंग, भुवईवर पांढरा, नाकावर दोन्ही. पलीकडच्या गॅरेजचा रंगवाला!

"अहो मावशी, तुमची पानं आवरा! सकाळी काळी गाडी रंगवली, त्यावर तुमची शंभर पानं चिकटली. गिऱ्हाईक विचारतं, ही नक्षी जादाची का?"

"गॅरेजला छप्पर घाला."

"छप्पर घाला म्हणे! त्यापेक्षा तुमची पोरगी शहाणी. ऐकलंत ना व्यवस्थापकबाई? कापून टाकते म्हणाली!"

दारात उभ्या असलेल्या व्यवस्थापकबाई हसल्या. रंगवालाही हसला. सगळ्यांनी ऐकलं होतं.

ही शनिवारची गोष्ट.

* * *

रविवारी पाळणाघर बंद होतं. सोमवारी सकाळी मावशीनं मागचं दार उघडलं आणि ती तशीच उंबऱ्यावर उभी राहिली.

नऊ झाडं नव्हती. गुडघ्याएवढी नऊ खोडकं होती, बस्स. फांद्या नाहीत, पानं नाहीत, शेंगा नाहीत. अंगण एकदम मोठं आणि उघडं दिसत होतं, जसं डोकं भादरल्यावर माणूस दिसतो.

"अरे देवा!" व्यवस्थापकबाई धावत आल्या. त्यांनी आधी खोडकांकडे पाहिलं आणि मग ठिणगीकडे.

"माझ्याकडे काय बघताय?" ठिणगी उसळली.

"परवा तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले म्हणून कापली? मी? नऊ झाडं? आणि फांद्या कुठे ठेवल्या, दप्तरात?"

"उलट बोलू नकोस!"

भिंतीवर डोकं उगवलं. आज त्यावर चंदेरी रंग होता. "जाऊ द्या हो बाई, लहान आहे. रागाच्या भरात होतं. काल दुपारी मला पोरांचा आवाज आलाच होता अंगणातून."

"खोटं!" फाटकातून टाचणी ओरडला. टाचणी म्हणजे समोरच्या शिंप्याचा मुलगा, अंगानं नावासारखाच. "काल दुपारी ती आमच्या दुकानात बटणं निवडत होती. हा बोकाही होता!"

बोका म्हणजे बेकरीवाल्याचा मुलगा. तो कुठेही, कधीही झोपू शकायचा. त्यानं जोरात मान हलवली. "मी होतो. मी झोपलो होतो, पण होतो!"

"मित्र मित्राचीच बाजू घेणार," व्यवस्थापकबाई म्हणाल्या आणि मावशीकडे वळल्या. "महिनाअखेरीला डॉक्टरीणबाई बाळांची वजनं करायला येतात. झाडांचं काय झालं हे त्या विचारणारच. मी काय सांगू? स्वयंपाकीणबाईंच्या भाचीनं कापली? मला नाइलाजानं दुसरी बाई बघावी लागेल हो."

ठिणगीला वाटलं, आता मावशी खवळेल, म्हणेल की माझी भाची असलं करणार नाही. पण मावशी खाली वाकली. तिनं एक पान उचललं, एप्रनच्या खिशात ठेवलं आणि आत निघून गेली.

त्या दिवसापासून ती ठिणगीशी दोनच शब्द बोलायची. दुपारी "जेव" आणि रात्री "झोप".

* * *

"ज्यानं कापली त्याला मी सोडणार नाही!" ठिणगी खोडकावर लाथ मारत म्हणाली.

"सोडणार नाही म्हणजे काय करणार?" बोक्यानं विचारलं.

"ते अजून ठरलं नाही. पण वाईट करणार! इतकं वाईट की त्याला शेवग्याचं पान दिसलं तरी घाम फुटेल!"

टाचणी मात्र खोडकाजवळ उकिडवा बसला होता. बापाच्या दुकानात बसून त्याची नजर सुईच्या नेढ्यातून जाईल इतकी बारीक झाली होती. "कापणी बघ. गुळगुळीत. भुसा पिठासारखा. हाताच्या करवतीनं अशी होत नाही. मशीन आहे."

"मशीनचा आवाज कसा नाही आला कुणाला?"

टाचणी एकदम उभा राहिला. "काल दुपारी आमच्या बाबांना शिलाईमशीनचा आवाज ऐकू येईना! का सांग? गॅरेजचा कॉम्प्रेसर चालू होता. रविवारी गॅरेज बंद असताना!"

तिघांनी एकदम भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे रंगवाला शीळ घालत होता.

ते भिंतीवर चढले. खाली रंगवाला गाडीवर घालायचं मोठं आच्छादन झटकत होता. एक झटका, दोन झटके, आणि आच्छादनाच्या घड्यांतून पावशेर हिरवी पानं भुरभुर खाली पडली!

ठिणगीच्या तोंडाचा आ तसाच राहिला. फांद्या गुंडाळून ठेवल्या की पानं आपोआप गळतात. कुणालाही नसेल माहीत, पण तिला माहीत होतं. तिची बोटं साक्षीला होती!

"काका, ही पानं कसली?"

रंगवाला चपापला, पण क्षणभरच. "कसली म्हणजे? तुमचीच! वर्षभर उडत येतात, मी उगाच ओरडत होतो का?"

टाचणीनं ठिणगीला कोपरानं ढोसलं आणि गॅरेजच्या पुढच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. तिथं काल काहीच नव्हतं. आज ताजं कुंपण होतं. माणसाच्या छातीएवढे वीस गोल खांब, दोन दोरांनी जोडलेले, चकचकीत चंदेरी. गाडीला मारतात तोच फवाऱ्याचा रंग.

रंगवाला आत गेल्यावर ठिणगीनं एका खांबाला नखानं ओरखडा काढला. चंदेरीखाली पातळ साल आणि सालीखाली ओलं हिरवं. तिनं बोटाचा वास घेतला.

"आपलाच आहे," ती दात आवळून म्हणाली.

ते धावत व्यवस्थापकबाईंकडे गेले. व्यवस्थापकबाई गॅरेजात आल्या. रंगवाल्यानं त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला आणि म्हणाला, "लाकूड डेपोतून आणलंय बाई. लाकूड म्हटल्यावर हिरवं असणारच, प्लास्टिक थोडंच आहे?"

व्यवस्थापकबाई ठिणगीवरच उखडल्या. "स्वतः करायचं आणि दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं! मावशीचा तरी विचार कर."

त्या गेल्यावर रंगवाल्यानं ठिणगीला चक्क डोळा मारला. "तूच म्हणाली होतीस ना गं कापते म्हणून? मग झालं तर!"

ठिणगीच्या हातात तेव्हा दगड होता. टाचणीनं तो काढून घेतला म्हणून बरं. "काच फोडलीस तर तूच चोर ठरशील!"

"मग काय करू? हात जोडू त्याला?"

* * *

पाच-सहा दिवस ठिणगी नुसती धुमसत होती. पाळणाघरात आता पुडीचा एकच डबा उरला होता. मावशी चमच्याऐवजी अर्धा चमचा घालायला लागली होती. तिचा तो अर्धा चमचा बघितला की ठिणगी तिथून उठून जायची.

सातव्या दिवशी ती पुन्हा खोडकाला लाथ मारायला गेली आणि पाय हवेतच थांबला. खोडकाच्या कडेला हिरवा कोंभ होता! मुगाच्या दाण्याएवढा.

तिनं बाकीची आठही खोडकं बघितली. सगळ्यांना कोंभ होते.

"मेली नाहीत," ती पुटपुटली. मग तिला आठवलं. मावशीनं रोपं विकत आणलीच नव्हती. कुणाकडून तरी एक फांदी आणली, जमिनीत खोचली, तिच्या फांद्या पुन्हा खोचल्या. काठी खोचायची, पाणी घालायचं आणि गप्प बसायचं. झाड आपोआप होतं!

ठिणगी हसली. ते हसू बघून बोका दोन पावलं मागे सरकला.

"टाचणी, रंगवाल्यानं काय केलंय माहितीये का? कुंपण नाही उभारलं त्यानं. वीस झाडं लावली आहेत! आणि त्या गाढवाला ते माहीतच नाही!"

"आई शप्पथ!"

"आता फक्त पाणी हवं. रोज. भरपूर. त्याच्याच नळाचं!"

त्याच दुपारी तिघं गॅरेजच्या दारात उभे राहिले, केस विंचरून.

"काका, मावशी बोलत नाही, सुट्टीत करमत नाही. तुमच्या गाड्या धुऊ का आम्ही?" ठिणगीनं इतक्या गोड आवाजात विचारलं की टाचणीला ठसका लागला.

"फुकट?"

"फुकट!"

"या की मग! पोरं गुणी आहेत हो!" रंगवाला खूश.

मग सुरू झालं. गाडीला एक बादली, खांबांना चार. ठिणगी पाणी ओतायची आणि प्रत्येक खांबाशी हळूच म्हणायची, "पी! पी लवकर! सूड घ्यायचाय आपल्याला!"

"तू झाडाशी बोलतेस?" बोक्यानं विचारलं.

"मावशी बोलत नाही, मग कुणाशी बोलू?"

बोका तिसऱ्या खांबाला एक बादली जास्त ओतून आला.

सगळ्यात अवघड होतं तोंड बंद ठेवणं. रंगवाला दिवसातून दोनदा तरी चिडवायचा. "काय गं, आज कुठली झाडं कापणार?" ठिणगी हसायची. हसताना मुठी इतक्या आवळायची की तळव्यात नखांचे चंद्र उमटायचे. एकेक चंद्र ती लक्षात ठेवत होती.

रंग मारल्यापासून बाराव्या दिवशी टाचणी धावत आला. "गडबड झाली! सहा नंबरला कोंभ आलाय! चंदेरी फोडून बाहेर! त्यानं आत्ताच बघितला तर उपटून टाकेल सगळे!"

डॉक्टरीणबाई यायला अजून आठवडा होता. आता? ठिणगीनं हातातलं गाड्या पुसायचं ओलं फडकं बघितलं आणि ते सहा नंबरच्या खांबावर वाळत घातलं.

"काका, जास्त फडकी मिळतील का? गाड्या आणखी चकचकीत करतो!"

"घे, घे, पोतंभर आहेत!"

दोन दिवसांत विसाच्या वीस खांबांना फडक्यांच्या टोप्या आणि झगे होते. बोक्याला पहाऱ्यावर बसवलं. तो आठवडाभर झोपला नाही. त्याच्या आईनं त्याला ताप आलाय का ते दोनदा बघितलं!

* * *

डॉक्टरीणबाई आल्या त्या शनिवारी, सकाळी दहाला. त्यांच्या गाडीच्या दाराला ओरखडा होता, म्हणून त्या आधी गॅरेजातच शिरल्या. व्यवस्थापकबाई त्यांना घ्यायला लगबगीनं बाहेर आल्या. ठिणगीनं बोक्याला खूण केली. "मावशीला बोलाव. काहीही सांग, पण आण!"

"या, या! गाडी आत घ्या!" रंगवाला हात पुसत पुढे आला. "नवी जागा केलीय. कुंपण बघितलंत का? चंदेरी! गाडीचाच रंग मारलाय, दहा वर्षं हलणार नाही!"

"काका, फडकी काढू का आता?" ठिणगीनं विचारलं.

"काढ, काढ! दिसू दे की त्यांना!"

ठिणगीनं पहिलं फडकं खेचलं. टाचणीनं दुसरं. मग दोघं दोन्ही टोकांनी धावतच सुटले. फडफड, फडफड, फडफड!

चंदेरी खांबांच्या डोक्यावर हिरवे झुपके हलत होते. रंगाची साल फोडून कोवळे कोंभ बाहेर आले होते, काही बोटभर, काही वीतभर, पोपटी आणि ताजे. एकाच खांबाचं डोकं बोडकं होतं.

"तो तुम्ही उलटा रोवलाय काका," टाचणी म्हणाला. "म्हणून रुसलाय!"

रंगवाल्याच्या तोंडाचा रंग तेवढा उडाला.

"अरे!" डॉक्टरीणबाई गाडीतून उतरून जवळ गेल्या. "हा तर शेवगा! तुम्ही शेवग्याचं कुंपण केलंत?"

"अं... डेपोतून... लाकूड जरा ओलं असेल..."

"शेवग्याचं लाकूड कुठला डेपो विकतो हो? चुलीत घालायच्या कामाचं नाही ते!"

तेवढ्यात मावशी आली. हातात डाव, मागे धापा टाकणारा बोका. "मी सांगितलं गाडीखाली बाळ गेलं," बोका कुजबुजला. "तू म्हणालीस काहीही सांग!"

मावशीनं बाळ शोधलं, मग कुंपण बघितलं. डाव खाली गेला. ती खांबाखांबावरून हात फिरवत चालू लागली. तिसऱ्या खांबापाशी थांबली. नखानं चंदेरी खरवडली. सालीत रुतलेली लाल तार दिसली.

"तीन पीळ," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू आला. "दोन उजवीकडे, तिसरा उलटा. अशी गाठ मीच घालते. चकत्या उपटल्यात तुम्ही, पण तार झाडानं धरून ठेवली."

ती पुढे गेली. आणखी एक तार, आणखी एक. व्यवस्थापकबाई मनातल्या मनात मोजत होत्या. नऊ झाल्यावर त्यांनी मान खाली घातली.

"अहो, गाड्यांवर पानं पडायची..." रंगवाला भिंतीला टेकला. "म्हटलं, तोडलीच आहेत तर खांब होतील. आणि पोरगी म्हणालीच होती कापते म्हणून, तर मला वाटलं..."

"की नाव माझं येईल!" ठिणगी कडाडली. वीस दिवस गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मी म्हणाले, पण मी कापली नाहीत! तुम्ही कापली आणि वर मला डोळा मारला! रोज विचारलंत आज काय कापणार! आता सांगते काय कापणार, तुमचं नाक कापणार! कापलंच आहे!"

कुणीही तिला उलट बोलू नकोस म्हणालं नाही.

"पोरांनो," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "एवढी शांत डोक्याची कामगिरी मोठ्यांना जमली नसती. पाणी कुणी घातलं?"

"काकांच्या नळानं!" बोका म्हणाला आणि तिथंच गाडीला टेकून झोपून गेला.

व्यवस्थापकबाई मावशीपुढे आल्या. "माझं चुकलं हो. तुमच्याशिवाय पाळणाघर चालायचं नाही. आणि ठिणगी, तुझीही माफी मागते."

ठिणगीला ते ऐकू आलं, पण ती बघत होती मावशीकडे.

"मी तुला एकदाही विचारलं नाही, कापलीस का म्हणून," मावशी म्हणाली.

"नाही विचारलंस."

"विचारायला हवं होतं."

"हो! हवंच होतं!" ठिणगी म्हणाली आणि मग तिनं मावशीच्या एप्रनला नाक पुसलं. मावशीनं पुसू दिलं.

"आता या माणसाचं काय करायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "शिक्षा काय?"

सगळे ठिणगीकडे बघायला लागले. तिनं सावकाश आपले तळवे उघडले, त्यावरचे चंद्र बघितले आणि ती हसली. बोका जागा असता तर मागे सरकला असता.

* * *

पुढच्या सोमवारपासून रोज सकाळी सातला मागचं दार वाजायला लागलं. कुंपण होतं तिथंच राहिलं, कारण ती आता झाडं होती. नऊ खोडकंही अंगणात झुडपासारखी फुटली, इतकी बुटकी की बाळं स्वतः पानं ओढायची. कुंपणाला पाणी कोणी घालायचं? रंगवाल्यानं. फांद्या कोणी आणायच्या? रंगवाल्यानं. आणि पानं ओरबाडायची कोणी?

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात तो पाटावर बसला होता. समोर जुडी, बाजूला जुडी, मागेही एक जुडी. बोटं हिरवी. कानाच्या पाळीवर मात्र अजून थोडा चंदेरी.

"हे देठ राहिले काका," ठिणगी म्हणाली. "देठ बाळांच्या घशात टोचतात. पुन्हा करा."

मावशी भात ढवळत होती. चमचा पुन्हा शिगोशीग भरून पडत होता. तिनं मान वर केली नाही, पण खांदे हलत होते.

फाटकात टाचणी आणि बोका उभे होते. ठिणगीला काही घाई नव्हती. तिनं फडकं उघडलं, आणखी एक जुडी काढली आणि अलगद रंगवाल्याच्या मांडीवर ठेवली.

रंगवाल्यानं जुडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "मला आता निघायला हवं!"